प्लगोद्धार-मीमांसा

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. तो पाळतो. विषय : ज्या गाडीत इंजिनाभोवती हात घालायला जागा नाही, तिचे स्पार्क प्लग बदलणे. प्रयोजन : उद्या सकाळी शाळेची व्हॅन सुरू होणे. अधिकारी : ज्याचे मनगट बारीक आणि सहनशक्ती दांडगी असा कोणीही, आयटीआयच्या सर्टिफिकेटची अट नाही. संबंध : काम संपल्यावर गाडीमालक आणि मेकॅनिक यांच्यात जो काही उरेल तो.

अभ्यासक्षेत्र म्हणून मिरा-भाईंदर निवडले ते उगीच नाही. खाडी, मिठागरे आणि डोंगर यांच्या मधे उरलेल्या जमिनीवर १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेने इथे आठ लाखांवर माणसे मोजली. त्यानंतर उठलेले टॉवर ज्याचे त्याने मोजावेत. विरार लोकलमधून मिरा रोडला उतरायचे तर बोरिवलीपासूनच दाराकडे सरकायला लागावे लागते, आणि तरीही उतरणे शेवटी दारातल्या मंडळींच्या मर्जीवर असते. आधी खांदा, मग बॅग, मग उरलेला देह हा क्रम इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो. प्लगपर्यंत हात नेण्याचा क्रमही वेगळा नाही : आधी बोटे, मग मनगट, मग कोपर, आणि कोपर अडकले की देवाचे नाव. त्यामुळे या विद्येचे पीठ इथेच स्थापन व्हावे, यात नवल नाही. काशिमिऱ्यापासून भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांपर्यंत रस्त्याकडेला जी गॅरेजे आहेत, तीच आमची ग्रंथालये.

आता प्रमेय. १९८४ साली मारुती व्हॅन आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, आणि सगळा संसार पुढच्या सीटखाली. हिंदी चित्रपटांनी तिचा सरकता दरवाजा अपहरणासाठी मनमुराद वापरला. पण इतक्या वर्षांत एकाही गुंडाची व्हॅन ऐन वेळी मिसिंग करताना पाहिल्याचे आठवत नाही, यावरून त्या दिग्दर्शकांचा प्रस्तुत विषयाचा अभ्यास किती होता ते कळते. २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली. तोवर २०१० साली आलेली इको चांगली रुळली होती. बाराशे सीसीच्या आसपासचे इंजिन, सिलेंडर चार, म्हणजे प्लग एकाने वाढला. जागा मात्र तीच, सीटखालची. सकाळी साडेसहाला मिरा रोडच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर उभे राहावे. शाळेची व्हॅन इको, लॉन्ड्रीवाला इको, केटररची भांडी इकोत, आणि कोणाला दवाखान्यात न्यायचे तर येणारी रुग्णवाहिकाही बहुधा इकोच.

जागेचे एक सुवर्णयुग होऊन गेले, हे नव्या पिढीला सांगून पटत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचे बॉनेट उघडले की चारही प्लग ओळीने हजर असत. इंजिनाच्या कडेला इतकी मोकळीक होती की तिथे मेकॅनिकचा हात, पाना, चहाचा ग्लास आणि वेळ पडल्यास दुसरा मेकॅनिकही मावे. बजाज चेतकच्या उजव्या बाजूचे झाकण काढले की प्लग हाताशी. तो काढून, पॉलिश पेपरने घासून, फुंकर मारून परत बसवणे हे गृहस्थाश्रमाचे एक कर्तव्यच होते आणि ते ऑफिसच्या कपड्यांत पार पाडता येई. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी संपली. वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या रंगावर लिहिले, मीटरवर लिहिले, टपावरच्या कॅरिअरवर लिहिले. बॉनेटखालच्या त्या मैदानाबद्दल मात्र एक अवाक्षर आमच्या वाचनात आले नाही.

मग ही जागा गेली कुठे? इथून वादाला तोंड फुटते.

पहिला पूर्वपक्ष असा की इंजिनाची रचना जपान्यांनी केली, जपानी माणूस चणीने लहान, त्याने स्वतःच्या हाताच्या मापाने फट ठेवली आणि आपले हात त्यात अडकतात. हे मत गॅरेजांत फार लोकप्रिय आहे आणि साफ चूक आहे. कारखान्यात प्लग बसतात तेव्हा इंजिन गाडीत गेलेलेच नसते. ते स्टँडवर उघडेवाघडे, चारी बाजूंनी मोकळे उभे असते. नंतर ते गाडीत जाते, सीट तर त्याच्याही नंतर बसते. म्हणजे ज्याने प्लग पहिल्यांदा बसवला त्याला फट किती आहे हे कळण्याचे काही कारणच नव्हते. दुसरा पूर्वपक्ष सांगतो की कंपनीला सर्व्हिस सेंटरे चालवायची असतात, म्हणून हे मुद्दाम केले. हा पक्ष मांडणारे लोक पावसालाही मुद्दाम पडला म्हणतात. त्यांना उत्तर देत बसण्यात अर्थ नाही.

आमचा सिद्धान्त असा : जागा कमी होत नसते, ती दुसऱ्याच्या नावावर चढते. मिरा रोडच्या वन बीएचकेत लोकांनी बाल्कनी आत घेतली, हॉल चार फुटांनी वाढला, आणि ओली चादर तेव्हापासून पंख्याखाली वाळते आहे. मारुतीने नेमके बॉनेट आत घेतले. पावणेचार मीटरही लांबी नसलेल्या गाडीत सात माणसे बसवायची, तर इंजिनासाठी नाक पुढे काढणे परवडत नाही. प्रवाशाच्या पायांना जी चार बोटे मिळाली ती मेकॅनिकच्या मनगटाची होती. या व्यवहाराची भरपाई म्हणून पुढच्या सीटवर बसणाऱ्याला मे महिन्यात बुडाखालून जी ऊब मिळते, ती आम्ही जमेस धरलेली नाही.

सिद्धान्त झाला. आता ज्ञानाचा प्रश्न. प्लग गेला आहे हे कळते कसे? नैयायिकांनी प्रमाणे चार मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सीटखालच्या प्लगाच्या बाबतीत प्रत्यक्ष पहिल्याच फेरीत बाद होते, कारण तो दिसतच नाही. अनुमानाची गंमत वेगळी आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे समजावे, हे तर्कशास्त्राचे बाळबोध उदाहरण. काशिमिऱ्याच्या सिग्नलला ते उलटे लागू पडते. समोरच्या व्हॅनच्या सायलेन्सरमधून काळपट धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर आत कुठेतरी अग्नीच नाही असे अनुमान करावे. ठिणगी न पडल्यामुळे तो घास न जळताच बाहेर आलेला असतो. संशय पक्का करायचा तर गाडी फाउंटन हॉटेलवरून घोडबंदर रस्त्याला घालावी. सपाटीवर तीन सिलेंडरांवरही गाडी लाज राखते. गायमुखच्या घाटात चढ लागला की झटके मारते, आणि मागचा ट्रक हॉर्न देऊन निदानावर शिक्कामोर्तब करतो.

उपमान म्हणजे सादृश्यावरून ज्ञान. निघालेला प्लग नव्याशेजारी धरायचा. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर इंजिन सुखी. काळे, काजळलेले असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. पांढरेफटक असेल तर आत आग नको तितकी. ओले आणि तेलकट असेल तर मेकॅनिक काही न बोलता प्लग मालकाच्या तळहातावर ठेवतो, आणि पुढचे काम खर्चाचे आहे हे मालकाला समजते. राहिले शब्दप्रमाण, म्हणजे आप्तवाक्य. "प्लग गेलाय," असे मेकॅनिक गाडी बंद असताना, दहा फुटांवरून, तोंडात मावा धरून म्हणतो. व्यवहारात याच एका प्रमाणावर सगळे चालते.

प्लग जातो म्हणजे काय होते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा ग्रंथ वरवरचा ठरेल. १८६० साली लेन्वार या गृहस्थाने पॅरिसमध्ये आपल्या गॅसच्या इंजिनात विजेच्या ठिणगीने आग लावली. १९०२ साली बॉश कंपनीच्या होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग दिला, आणि पुढचे सगळे त्या जोरावर चालले आहे. आपल्याकडे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मिकोने प्लग घरोघरी नेला. २००८ मध्ये मिकोचे नाव बदलून बॉश झाले, तरी जुने मेकॅनिक अजून 'मिको टाकतो' म्हणतात, मग डबीवर काहीही छापलेले असो. प्लगच्या दोन टोकांत एक मिलिमीटरच्या आगेमागे फट असते. तेवढी ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. गाडी ताशी ६० च्या वेगाने जाताना इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे धरले, तर एका प्लगला किलोमीटरमागे दीड हजार ठिणग्या पाडाव्या लागतात. चाळीस हजार किलोमीटर झाले की सहा कोटी. प्रत्येक ठिणगी टोकाचा कण-कण खाते, फट रुंदावते, आणि एक दिवस ठिणगी पलीकडे जायला नकार देते. सीएनजीवरच्या गाडीला हा दिवस लवकर दिसतो, कारण गॅस पेटवायला दाब आणखी लागतो. म्हणूनच सीएनजीवाल्यांत फट जरा कमी ठेवण्याचा संप्रदाय आहे.

शाळेच्या पेट्रोल व्हॅनची व्यथा याहून निराळी. प्लगचे टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापले तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० च्या पुढे गेले तर ठिणगीची वाट न बघता टोकच आग लावून मोकळे होते. या दोन मर्यादांमध्ये प्लगने आयुष्य काढावे, अशी अपेक्षा. पण शांती नगरच्या एका सेक्टरच्या गेटवरून निघून पुढच्या सेक्टरच्या गेटला थांबणाऱ्या, तिथे एक दप्तर, एक डबा, एक रडणारे मूल आणि "काका, आज खिडकीत बसवा हं" एवढे सगळे भरून घेणाऱ्या व्हॅनचा प्लग ४५० पाहणार कधी? तो आयुष्यभर कोमटच राहतो आणि काजळून मरतो.

आता प्रत्यक्ष विधी. प्लगोद्धाराची पहिली पायरी म्हणजे उत्खनन. पुढची सीट उचलून खालचे झाकण उघडेपर्यंत जे थर लागतात, त्यांचा अभ्यास पुरातत्त्ववाल्यांनी करायला हरकत नाही. सगळ्यात वर मुदत संपलेली पीयूसीची पावती, पेट्रोल पंपाचे कॅलेंडर आणि कोणीतरी शिर्डीहून आणलेल्या उदीची पुडी. त्याखाली बालयुग : शार्पनरच्या साली, एक मोजा, टोपणाविना पेन, चिकटून दगड झालेली चिक्की, आणि 'रोल नंबर २७, गृहपाठ अपूर्ण' असा शेरा असलेले वहीचे पान, जे तिथे चुकून पोहोचले असे मानणे भोळेपणाचे होईल. त्याच्याही खाली बारीक धूळ, आणि उत्तन-भाईंदरच्या खाऱ्या दमट हवेने नटबोल्टांवर चढवलेला तांबूस गंज. हे बोल्ट सुटेपर्यंत मूळ विषयाला हातही लागत नाही.

"दादा, किती वेळ लागेल?" व्हॅनवाले काका विचारतात.

"प्लगला दहा मिनिटं. सीटला पाऊण तास."

इंजिन थंड असले पाहिजे यावर सर्व आचार्यांचे एकमत आहे. हेड अॅल्युमिनियमचे, प्लगचे अंग पोलादी; गरम असताना जोर केला तर अॅल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात, आणि मग हेड उतरवावे लागते, म्हणजे दहा मिनिटांचे काम सप्ताहाला बसते. प्लग खोल विहिरीत असतो. कॅप काढल्यावर आधी त्या विहिरीत हवा मारायची, नाहीतर प्लग निघताच काठावरची वाळू सिलेंडरात. मग लांब सॉकेट, त्याला एक्स्टेन्शन, सरळ रेषेत जागा नाही म्हणून मधे युनिव्हर्सल जॉइंट, आणि शेवटी रॅचेट, ज्याला तिथे एका वेळी दोन दात फिरण्यापुरतीच मुभा. कट्, कट्. विश्रांती. कट्, कट्. पहिला आवाज ठणक आला तर समजावे की प्लग सुटला; मऊ आला तर समजावे की दुसरेच काहीतरी सुटले.

उजेडाचा प्रश्न या शास्त्रात अजून सुटलेला नाही. मोबाइलची बॅटरी मालकाच्या हातात असते. मालक जिथे बघतो तिथे उजेड पाडतो, आणि मालक सतत मेकॅनिकच्या चेहऱ्याकडे बघत असतो, खर्चाचा अंदाज यावा म्हणून. त्यामुळे विहीर अंधारात राहते आणि मेकॅनिकचे डोळे दिपतात. अनुभवी मेकॅनिक म्हणूनच सरळ डोळे मिटून घेतो. नवा प्लग बसवतानाची खरी करामत तेव्हा दिसते. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा घ्यायचा, त्याच्या टोकात नवा प्लग खोचायचा, विहिरीत सोडायचा आणि नळी दोन बोटांनी फिरवायची. आटे नीट धरले तर प्लग फिरत खाली जातो. वाकडे धरले तर नळीच घसरते, जोर पुढे जातच नाही. म्हणजे रबराच्या त्या तुकड्याला जेवढे कळते तेवढे पान्याला कळत नाही. हाताने टेकेपर्यंत आणायचा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. पुस्तक यालाच १४ मिलिमीटरच्या प्लगासाठी २५ ते ३० न्यूटन-मीटर म्हणते. मेकॅनिक हे माप खालच्या ओठावर दात किती रुतले यावरून घेतो, आणि टॉर्क रेंच सर्व्हिस सेंटरच्या काचेमागे शोभून दिसतो.

विषयाच्या ओघात एक मतभेद नोंदवून ठेवतो : एका सिलेंडरला प्लग असावेत किती? आकुर्डीच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला एका सिलेंडरात दोन प्लग दिले, २०१२ च्या पल्सर २०० एनएसला तर तीन. दोन प्लगांच्या कल्पनेवर हक्क कोणाचा यावरून बजाज आणि टीव्हीएस मद्रास उच्च न्यायालयात भिडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००९ मध्ये तिथून असे खटले रोजच्या रोज चालवून लवकर संपवा असा आदेश निघाला. शेवटी २०१९ मध्ये दोघांनी आपसात मिटवले. न्यायासनासमोर प्लगच्या संख्येचा इतका खल झाला. तिसऱ्या प्लगपर्यंत पाना कसा पोहोचवायचा, या मुद्द्यावर मात्र कोणत्याही पक्षाने साक्षीदार आणल्याचे ऐकिवात नाही.

उलट टोकाला उत्तनचे कोळी. त्यांच्या बोटींची इंजिने डिझेलची, आणि डिझेल दाबानेच पेटते. ठिणगीची गरजच नाही. काशिमिऱ्याच्या गॅरेजवाल्यांच्या दृष्टीने हे जीवन्मुक्त. इलेक्ट्रिक रिक्षावालेही त्याच वाटेवर आहेत, फक्त त्यांना चार्जिंगच्या रांगेतून जावे लागते.

आता उरला या शास्त्रातला सगळ्यात कठीण प्रश्न, चौथ्या प्लगाचा. इकोचे इंजिन गाडीत लांबीने बसवलेले असल्यामुळे सिलेंडर एकामागे एक येतात. पहिला प्लग हाताला लागतो. दुसरा कुरकुर करून. तिसऱ्याला कातडी सोलते. चौथा सगळ्यात मागे, आणि तिथपर्यंत पोहोचेस्तोवर जेवणाची वेळ झालेली असते. आमचे निरीक्षण असे की प्लगची प्रकृती त्याच्या अंतराबरोबर सुधारत जाते. पहिला हमखास 'संपलेला' निघतो, दुसरा 'काढूनच टाका', तिसरा 'चालला असता, पण आता उघडलंच आहे तर'. चौथा ठणठणीत असतो. डबीतले प्लग मात्र चार आणलेले असतात आणि मजुरीही चारांची ठरलेली असते.

काका डबीत डोकावून बघतात. आत एक नवा प्लग तसाच पडलेला.

"अरे, हा राहिला की."

"तो ठेवा डॅशबोर्डात. लागेल कधी. चौथा एक नंबर आहे."

"काढून बघितलास?"

"चांगला आहे तर काढायचा कशाला, काका?"

यात अन्योन्याश्रय दोष आहे, हे काकांना कळते. पण साडेबारा वाजलेले असतात, दुपारची शाळा सुटायची असते, आणि सीट परत बसवायला अजून पाऊण तास.